डग्गा कुठे गेला?

बाबा दुकानात शिरले की आधी शर्टाच्या खिशातून कॅसेट काढायचे. शेठने नव्या सिनेमाची कितीही गाणी लावून ठेवलेली असोत, बाबा स्पीकर पारखायचे ते स्वतःच्या कॅसेटवर. गीतरामायणाच्या संचातली एक कॅसेट, नेमक्या जागी थांबवून आणलेली. ती लावायला सांगून ते डोळे मिटून उभे राहायचे. शेठ म्हणायचा, "साहेब, आवाज बघा किती खुला आहे." बाबा डोळे न उघडता विचारायचे, "आवाज ठीक आहे हो. डग्गा कुठे गेला?"

नाना पेठेतलं ते दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता. एका भिंतीला फळ्या ठोकून त्यावर गोल, लंबगोल स्पीकर ओळीने बसवलेले, प्रत्येकाखाली एक बटण. शेठ बटणं दाबत जायचा आणि तेच गाणं एका स्पीकरातून दुसऱ्यात उडी मारायचं. बाहेर रस्त्यावर आमची फियाट चारी दारं उघडी टाकून उभी असायची. आई मागच्या सीटवर पिशवी सांभाळत बसलेली, दादा शेठच्या काउंटरला चिकटलेला, आणि मी दुकान आणि गाडी यांच्या मधे, कारण माझं लक्ष फिटर चाचांकडे.

तेव्हा गाडी मुकी यायची, हे आमच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही. फियाट काय, १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती काय, कितीतरी घरांत गाडी आधी आली आणि टेप वर्ष-दोन वर्षांनी. गाडीसाठीच नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, ते पैसे फिटले की मग गाण्याचा विचार. तो खर्च घरात सगळ्यांना विचारून व्हायचा. फ्रिज आईचा, स्कूटर बाबांची, पण गाडीतला टेप सगळ्यांचा. त्यामुळे तो घ्यायलाही सगळे जायचे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात नाना पेठेत अशी कुटुंबंच्या कुटुंबं फिरत असायची. कुणाला सीट कव्हर, कुणाला हॉर्न, कुणाला टेप. क्वार्टर गेटजवळ उसाचा रस पिऊन पुन्हा दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जायचं, आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत यायचं.

प्रत्येकाचं मागणं वेगळं. दादाला इक्वलायझर हवा होता, हिरवे-लाल दिवे नाचणारा. आईला शब्द कळले पाहिजेत एवढंच, पु. लं.ची कॅसेट लावली आणि खड्ड्यांच्या खडखडाटात नेमकं वाक्य बुडालं की ती हळहळायची. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसमधून कॅसेट आणायचं काम तिचंच असे. बाबांना डग्गा. मला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं, पण मला दाराचं पॅड उघडल्यावर आत काय असतं ते बघायचं होतं.

आमचा डेक मात्र त्या दुकानातला नव्हता. मामा जहाजावर होता. १९८६ साली त्याने योकोहामाहून तो टॉवेलात गुंडाळून आणला. त्या काळी परदेशी डेक मिळवायचा तर तीनच वाटा. घरातलं कुणीतरी आखातात किंवा जहाजावर असायला हवं, किंवा मुंबईला जाऊन मनीष मार्केट नाहीतर हिरा पन्ना गाठायचं, नाहीतर शेठच्या काउंटरखालून जे निघेल ते बिनबिलाचं घ्यायचं. मामाचा डेक घेऊन आम्ही नाना पेठेत गेलो तेव्हा शेठ नाराज झाला नाही. त्याने डेक हातात घेतला, कॅसेटचं दार बोटाने दोनदा उघड-बंद केलं आणि म्हणाला, "चीज आहे. स्पीकर माझे घ्या, फिटिंग मी देतो." हा हिशेब सगळ्यांना मान्य होता. वस्तू कुठूनही येवो, ती गाडीत बोलती करणारे हात त्या दुकानात होते.

त्या डेकची एक खोड पंधरा-सोळा वर्षांनी कळली. खासगी एफएम सुरू झालं तेव्हा तो दादाच्या मारुतीत होता. मुंबईला गेलं की सगळ्यांच्या गाड्यांत ९१.१ आणि ९८.३ वाजायचं आणि आमच्या डेकवर नुसती खरखर. दादाने एरियल बदलली, वायर बदलली. मग पट्टीवरचे आकडे नीट वाचले. जपानातलं एफएम ७६ला सुरू होऊन ९०ला संपायचं. आपली बहुतेक स्टेशनं ९०च्या पलीकडे. इतकी वर्षं आम्ही त्यावर कॅसेट आणि मध्यम लहरींवरची पुण्याची आकाशवाणीच ऐकत आलो, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अजूनही मोबाइलवर परदेशी सामान मागवणाऱ्या कुणालाही मी हे आवर्जून सांगते.

आता चाचांविषयी. पन्नाशीचे, कानामागे पेन्सिल, खिशात टेस्टर. दुकानाच्या आत ते फारसे यायचे नाहीत, त्यांचं राज्य फुटपाथवर. फियाटच्या मागच्या काचेखाली जी फळी असते तिच्यावर स्पीकर ठेवून पेन्सिलीने गोल आखायचे, मग पत्र्यात भोक पाडून पुढे कातरीने कापत जायचे. कापलेल्या काठावर जुनी रबरी पट्टी चढवायचे, नाहीतर पत्रा वायरचं कातडं खातो. वायर थेट पुढे ओढायची नाही. गालिचा उचलून दाराच्या उंबऱ्याच्या कडेने न्यायची, कारण मधून नेली तर पायाखाली तुडवून तुटते. जोड मारताना नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणाऱ्या पोरांवर ते ओरडायचे. "उन्हात गोंद वितळतो, पट्टी सुटते, मग दोन वायरी गळ्यात गळे घालतात." प्रत्येक जोडाला ते सोल्डर करायचे आणि मग तो जोड दोन बोटांत धरून ओढून बघायचे.

मी बॅटरी धरायची. दुपारचीच वेळ, पण डॅशबोर्डखाली अंधार. "बेटा, जरा वर. हां. हलवू नकोस." आणि काम संपत आलं की ते एकदम म्हणायचे, "आता बॅटरी दे इकडे." बॅटरी उघडून तिच्यातला एक सेल काढायचे. अजून डेक जोडलेला नसायचा. स्पीकरकडून आलेल्या दोन वायरींची टोकं ते सेलच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवायचे. मागे फळीवर 'टप' असा आवाज व्हायचा. "काय झालं? पडदा बाहेर आला की आत गेला?"

ते बघायचं काम माझं होतं. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्यावर डोळे लावून बसायची. सेल टेकला की पडदा केसभर पुढे यायचा आणि सोडला की परत जागेवर. कधी उलटं व्हायचं, केसभर आत ओढला जायचा. मी ओरडायची, "आत!" मग चाचा त्या वायरीला गाठ मारून ठेवायचे. दोन्ही स्पीकर एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत, एकाच वेळी आत गेले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत असेल तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि खालचा सूर मधल्यामध्ये मरतो. चाचांनी मला हे असं सांगितलं होतं: "दोन माणसं करवत ओढतात ना, एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं. इथे तसं नाही. इथे दोघांनी मिळून ढकलायचं, तेव्हा तुझ्या बाबांचा डग्गा येतो."

मग गाडी सुरू करायची. टेपमध्ये इंजिनाचा 'टक टक टक' येतोय का, ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतोय का, ते ऐकायचं. आला तर बॉनेट उघडून इग्निशन कॉइलला छोटा कंडेन्सर लावायचा. पुढच्या काळातल्या गाड्यांत टकटक गेली आणि अल्टरनेटरची शिट्टी आली. त्यावर चाचांचा उपाय म्हणजे काळी वायर, म्हणजे अर्थ, जिथे बोल्टखाली धरली आहे तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून उघडा पत्रा काढायचा. "रंगावर अर्थ बसत नाही." एवढं झालं की बाबांना हाक जायची. बाबा पुढच्या सीटवर बसायचे, दारं बंद करून घ्यायचे, काचा वर. बाहेर आम्ही सगळे उभे. काचेआड त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडायला लागली की शेठ बिल करायला घ्यायचा.

ही सगळी दुपार किमतीत धरलेली होती. चहा धरला तर दोन वेळचा. पुढच्या महिन्यात स्पीकर फाटका वाजू लागला तर गाडी पुन्हा त्याच फुटपाथला लावायची, चाचा आवाज ऐकूनच सांगायचे की कॉइल गेली आहे की पडदा. आमच्या पिढीच्या घरांना गाण्याच्या सामानाची जी जाण आली ती अशी फुटपाथवर उभं राहून आली. कॅसेटचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, गुंता झालेली फीत पेन्सिलीने गुंडाळायची, नव्वद मिनिटांची कॅसेट गाडीत वापरायची नाही कारण तिची फीत पातळ असते आणि उन्हाळ्यात अडकते, हे सगळं कुणी ना कुणी तोंडी सांगितलेलं.

पण त्या दुकानांत सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही, कारण मी तिथे पुढे एकटीही गेले आहे. नव्वदीच्या दशकात खोक्यांवर वॉटचे भलतेच आकडे छापून येऊ लागले. हजार वॉट, बाराशे वॉट, पुढे बारीक अक्षरात पीएमपीओ. क्षणभराच्या कमाल धक्क्याचा तो आकडा, चारही स्पीकरची बेरीज करून फुगवलेला. स्पीकर तासन्‌तास सोसू शकेल ती खरी ताकद आरएमएसच्या आकड्यात असते आणि तो आकडा खोक्यावर नसायचाच. बारा व्होल्टच्या गाडीत, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरला साध्या डेकमधून एका बाजूला वीस-बावीस वॉटच्या वर स्वच्छ आवाज मिळणं अवघड. मग 'पन्नास गुणिले चार' कुठून आलं? हे विचारलं की उत्तर मिळायचं नाही. नामांकित कंपनीच्या नावाचा खोटा माल सर्रास असायचा. पक्कं बिल हवं म्हटलं की भाव बदलायचा. आणि एकाच डेकचा भाव बाबांना एक, शेजारच्या काकांना दुसरा.

माझी पहिली गाडी मी माझ्या पगारातून घेतली, जुनी सँट्रो. टेप बसवायला एका दुकानात गेले, सोबतीला दादा होता. पैसे माझे, गाडी माझी, प्रश्न मी विचारत होते. दुकानदार उत्तरं दादाकडे बघून देत होता. मी म्हटलं, मागच्या स्पीकरचं चुंबक किती खोल आहे, काच खाली आली की अडेल का? तो दादाला म्हणाला, "मॅडमना सांगा, टेन्शन घेऊ नका." दादा म्हणाला, "तिलाच सांगा, मला यातलं काही कळत नाही." तरीही तो माझ्याकडे बघेना. आम्ही तिथून निघालो. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि माझ्या वयाच्या किती जणींना गाडीच्या बाजारात हाच अनुभव आला असेल याची मला कल्पना आहे.

म्हणून ऑनलाइन बाजार आला तेव्हा मला तो मोकळ्या हवेसारखा वाटला, हे मनापासून सांगते. भारतात फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तकांपासून सुरू झालं, ॲमेझॉन २०१३च्या जूनमध्ये आलं. त्यानंतर वर्षभरात मी वॅगन आरसाठी स्पीकर मोबाइलवर बघत बसले होते. आरएमएस किती, ओहम किती, चुंबकाची खोली किती मिलिमीटर, सगळं समोर लिहिलेलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दुसऱ्याकडे बघून देत नव्हतं. भाव मला जो, तोच सगळ्यांना. आवडला नाही तर परत करता येणार. ज्याला हे लहान वाटतं त्याने नाना पेठेत एकटीने उभं राहून बघावं.

खोकं चार दिवसांत घरी आलं. दादाचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. "आत्या, दुकानात कशाला जायचं? मी व्हिडिओ बघून बसवतो." त्याने खरोखर निगुतीने काम केलं. दाराच्या पॅडची एकही क्लिप तोडली नाही, पाणी आत येऊ नये म्हणून आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा जसाच्या तसा लावला. पण कंपनीचा कपलर नव्या स्पीकरला बसेना. जोडणारा तुकडा वेगळा मागवावा लागतो हे खोक्यावर कुठेच नव्हतं. त्याने मूळ वायर कापून जोड मारले. डेकच्या मागे वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी कायमची, लाल किल्ली फिरवल्यावर, काळी अर्थ; स्पीकरला पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि काळी रेघ असलेली ती उणे. दाराच्या आत मात्र गाडीच्या कंपनीचे स्वतःचे रंग असतात, आणि ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. तिथे त्याने अंदाज केला.

संध्याकाळी बाबांना खाली आणलं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पुढच्या सीटवर बसले, काचा वर करून घेतल्या. माझ्या फोनवरून गीतरामायण लावलं, कॅसेटचा तो संच तर केव्हाच बुरशीला गेला होता. आवाज आला. लख्ख, मोकळा, त्या जुन्या फळीवरच्या स्पीकरांहून कितीतरी स्वच्छ. शब्द न्‌ शब्द कळत होता. आईला आवडला असता. मुलगा माझ्याकडे बघून हसला. बाबा डोळे मिटून बसले होते. बोटं गुडघ्यावर होती, पण हलत नव्हती.

"आवाज ठीक आहे गं," ते म्हणाले. "डग्गा कुठे गेला?"

पोराने बेस वाढवला. आणखी वाढवला. दाराचं प्लॅस्टिक थरथरायला लागलं, डग्गा काही येईना. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले आणि मग वर जाऊन टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल काढून आणला.

नाना पेठेतलं ते दुकान त्याआधीच बदललं होतं. चाचांचा मुलगा आता काउंटरवर असतो. मधे काही वर्षं त्याने 'बाहेरचा माल फिट करून मिळणार नाही' असा बोर्ड लावला होता. तो उतरवून आता त्याने फिटिंगचे दर लिहिलेत, दाराचे वेगळे, डेकचे वेगळे. लोक खोकी घेऊन येतात, कधी वॉरंटीची पावती चालत नाही म्हणून भांबावलेले, कधी भलत्याच मापाचा डेक घेऊन. तो बसवून देतो. मला हे योग्य वाटतं. वस्तू जिथे स्वस्त आणि खरी मिळेल तिथून घ्यावी, पण ती बसवणाऱ्या हाताचे पैसे वेगळे, पुरते आणि न घासाघीस करता द्यावेत. आमच्या आई-वडिलांनी ते पैसे स्पीकरच्या किमतीत दडलेले म्हणून दिले, आम्हाला ते समोर लिहिलेले दिसतात एवढंच. नव्या गाड्यांत तर डेकच्या जागचा स्क्रीनच गाडीच्या मेंदूला जोडलेला; डेक बदलायचा प्रश्नच उरत नाही. तरी स्पीकर अजून बदलता येतात, आणि त्यांना अजून दोनच वायरी असतात.

त्या संध्याकाळी मी पुतण्याला म्हटलं, "हे पॅड काढ पुन्हा. आणि मोबाइलचा उजेड धर. जरा वर. हलवू नकोस." डेकच्या मागच्या वायरी सोडवल्या आणि डाव्या दाराकडे जाणाऱ्या जोडीला सेल टेकवला. "काय झालं?" त्याला आधी कळेना काय बघायचं ते. मी त्याला पडद्यावर डोळे ठेवायला सांगितलं आणि पुन्हा टेकवला.

"बाहेर आला," तो म्हणाला.

उजवीकडची जोडी. टप.

"आत्या, हा आत गेला!"

मी त्या वायरीला गाठ मारली. त्याने टोकं उलटी करून जोडली, या वेळी सोल्डर करून, आणि मी न सांगता दोन बोटांत धरून ओढूनही पाहिली. दारं लावली. बाबा इतका वेळ आतच बसून होते, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. गाणं सुरुवातीपासून लावलं. डग्गा गाडीच्या मधोमध, त्यांच्या पायाशी कुठेतरी घुमला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. आम्ही दोघं काचेबाहेर उभे. गाणं संपल्यावर त्यांनी काच अर्धी खाली केली.

"पुढचं लाव," म्हणाले.